दुर्बीण नाही, तरी जुने तारे वाचता येतात

प्रश्न : मी लातूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. म्हाताऱ्या ताऱ्यांवरून आपल्या आकाशगंगेची तबकडी कशी घडली ते शोधतात, हे वाचल्यापासून मला तेच करायचंय. पण आमच्याकडे साधी दुर्बीणही नाही. बाबा म्हणतात, एम.सी.ए. कर.

उत्तर : दुर्बिणीची काळजी सोड. या विषयातली बरीच माणसं दिवसभर संगणकासमोरच असतात. युरोपच्या गाया यानानं १८० कोटींच्या आसपास तारे टिपले आणि ती माहिती सगळ्यांना फुकट खुली आहे. लातूरला मिळते ती आणि पॅरिसला मिळते ती एकच.

ताऱ्याच्या जुनेपणाचं गाठोडं उघडतं वर्णपटात, म्हणजे रंगांत फोडलेल्या त्याच्या प्रकाशात; त्यात कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते दिसतं. भारी तारे काही कोटी वर्षांतच फुटतात आणि मॅग्नेशियम उधळतात. लोहाचा मोठा वाटा श्वेत बटूंच्या (विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या) स्फोटांतून येतो, त्याला फार वेळ लागतो. म्हणून लोहाच्या मानानं मॅग्नेशियम जास्त असलेला तारा बहुधा जुना, भराभर तारे बनत होते त्या काळातला. आकाशगंगेच्या तबकडीचा जो जाड, जुना थर आहे, त्या जाड तबकडीतले तारे असेच आहेत. २०२२ मध्ये माओशेंग शियांग आणि हान्स-वॉल्टर रिक्स या खगोलशास्त्रज्ञांनी सुमारे अडीच लाख सबजायंट (गाभ्यातला हायड्रोजन संपून राक्षसी होऊ लागलेल्या) ताऱ्यांची वयं काढली. जाड तबकडी १३०० कोटी वर्षांपूर्वीच, महास्फोटानंतर जेमतेम ८० कोटी वर्षांनी, घडू लागली होती! मला अजूनही हे विलक्षण वाटतं.

बाबांची भीती खोटी नाही. पीएच.डी.नंतर कायमच्या जागा थोड्या, पोस्टडॉकची (तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीची) वर्षं बहुतेकदा परदेशात जातात. हे घरी लपवू नकोस. पण पीएच.डी.ला फेलोशिप मिळते, सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये, हेही सांग. पायथन आणि संख्याशास्त्र पक्कं असलेल्या मुलीला इतरत्रही काम मिळतं. एम.सी.ए. आत्ता नको, भौतिकशास्त्राची वाट तुटेल. 'जॅम' ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. कर, मग पीएच.डी.साठी 'जेस्ट' किंवा पुण्याच्या आयुका-एनसीआरए या खगोल संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा.

या आठवड्यात एवढं कर. गायाच्या संग्रहातून पॅरलॅक्स (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जेवढा सरकल्यासारखा दिसतो तो कोन) १० मिलिआर्कसेकंदांहून जास्त असलेले तारे उतरव. ते सव्वातीनशे प्रकाशवर्षांच्या आतले. आडव्या अक्षावर रंग, उभ्यावर निरपेक्ष प्रत, म्हणजे ताऱ्याचं खरं तेज; आकडा लहान तितका तारा तेजस्वी. मुख्य क्रमाचा (सूर्यासारख्या, गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांचा) जाड पट्टा आणि वरचे राक्षसी तारे यांच्यामधली विरळ पायरी म्हणजे सबजायंट. उभा अक्ष उलटा ठेव, तेजस्वी तारे वर यायला हवेत. आलेख आधी बाबांना दाखव, मग मला पाठव.