रुग्णालयाच्या आवारात, तेही उघड्यावर, सिगारेट ओढली तर काय बिघडतं?

वडील बायपाससाठी ठाण्यातल्या एका रुग्णालयात दाखल आहेत, रात्री पार्किंगमध्ये सिगारेट पेटवल्यावर सिक्युरिटीवाल्याने हटकलं आणि दंडाची भाषा केली, असं तुम्ही लिहिलंय. मोकळ्या हवेत कुणाला काय त्रास, आणि कायदा तरी तसा आहे का, हा तुमचा प्रश्न. मी नवी मुंबईत छातीच्या पेशंटची फिजिओथेरपी करते, त्यामुळे यावर बोलायला हरकत नाही.

आधी कायदा उरकते. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात (कोटपा म्हणतात तो) सार्वजनिक ठिकाणांमध्ये रुग्णालयाच्या इमारती आहेत आणि 'मोकळी जागा' वगळलेली आहे. तेव्हा तुमचा मुद्दा अगदीच बिनबुडाचा नाही. पण २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी ही पळवाट बरीचशी बुजवली. स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बस स्टॉप आणि लोकांची ये-जा असलेल्या अशा इतर जागा 'मोकळ्या' धरायच्या नाहीत, असं त्यात म्हटलंय. माझ्या मते रुग्णालयाचं पार्किंग यात बसतं. एखादा वकील वाद घालेल, घालू दे. दंड २०० रुपयांपर्यंत आहे. भरलात तर पावती घ्या.

उघड्यावर धूर लवकर विरतो, हे खरंच आहे. पण ओढणारा माणूस मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहत नाही, आपल्याकडच्या पावसात तर नाहीच. तो पोर्चमध्ये, रॅम्पच्या आडोशाला, कॅज्युअल्टीच्या दाराशी थांबतो. दम लागलेला पेशंट व्हीलचेअरवरून आत येतो तो त्याच वाटेने. दम्यात श्वासनलिका आधीच आवळलेल्या असतात. तेवढा धूरही उबळ यायला पुरतो.

मला त्याहून जास्त धास्ती असते ती वॉर्डातून गुपचूप खाली उतरणाऱ्या पेशंटची. हाताला सलाईनची सुई, वर चिकटपट्टी, आणि सिस्टरला सांगितलेलं असतं, "जरा पाय मोकळे करून येतो." खाली कुणीतरी ओढत असतंच, मागितली की मिळते. धुरातला कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, नाडी आणि बीपी वाढतं. म्हणजे हृदयाला काम जास्त आणि ऑक्सिजन कमी. जखम भरायलाही वेळ लागतो. आवारात कुणीच ओढत नसेल, तर या पेशंटला मागायला माणूसच सापडत नाही. नुसते फलक लावून हे होत नाही, कारण गेटबाहेर टपरी असतेच. आणि हटकणारा स्वतः तंबाखू मळत असला तरी आश्चर्य नको: २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ सुमारे ४ टक्के होते, आणि चघळण्या-मळण्याची तंबाखू घेणारे सुमारे २४ टक्के.

तुमच्यापुरतं सांगायचं तर तलफ पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जास्त छळते, मग हळूहळू उतरते. आयसीयूबाहेर बसून ती सोसणं सोपं नाही, कबूल. मेडिकलमध्ये २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम मिळतं. ते चुइंगमसारखं सतत चघळू नका. तिखट चव आली की गालात धरून ठेवा, आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी टाळा. १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा आहे, सिगारेटच्या पाकिटावरही छापलेली असते.

आणि वडील स्वतः ओढत असतील, तर भूलतज्ज्ञांना खरा आकडा सांगा. घरचे "कधीतरी एखादी" म्हणतात आणि ऑपरेशननंतर माझ्याकडे छाती कफाने भरलेला माणूस येतो. कफ वर ढकलणारे श्वासनलिकेतले बारीक केस धुराने निकामी झालेले असतात, आणि टाके ओढतात म्हणून खोकायची हिंमत होत नाही. मग न्यूमोनियाला वाट मोकळी. शस्त्रक्रियेआधी चार आठवडे सिगारेट बंद असेल तर हे धोके कमी होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्याकडे तेवढे दिवस नसले तरी त्यांची आजच बंद करा, आणि तीन चेंडूंचा स्पायरोमीटर (फुफ्फुसांच्या व्यायामाचं छोटं साधन) आणून ऑपरेशनच्या आधीच सराव सुरू करून द्या. फुंकायचं नाही, आत ओढायचं. हे पहिल्या दिवशी जवळपास सगळेच उलटं करतात.