रंगीत निगेटिव्हसाठी स्कॅनर कोणता घ्यावा?

प्रश्न : आमच्या घरी १९८५ ते २००३ या काळातील रंगीत निगेटिव्हच्या सुमारे ३०० पट्ट्या आहेत. बहुतेक ३५ मिलिमीटरच्या आहेत. लग्नाचे दोन-तीन रोल मात्र १२० आकाराचे आहेत. काहींवर बुरशीचे ठिपके दिसतात. दुकानदार ७२०० डीपीआयचा प्लस्टेक ऑप्टिकफिल्म ८१०० आणि ६४०० डीपीआयचा एप्सन व्ही६०० असे दोन स्कॅनर सुचवतो. कोणता घ्यावा?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : खोक्यावरचा डीपीआयचा आकडा पाहून निवड करू नये. तो आकडा स्कॅनर एका इंचात किती बिंदू नोंदवतो एवढेच सांगतो. त्यांतून खरा तपशील किती उतरतो, हे भिंग आणि फोकस यांवर ठरते. व्ही६०० चा प्रत्यक्ष तपशील १६०० डीपीआयच्या आसपास भरतो. ३५ मिलिमीटरच्या चौकटीची लांबी ३६ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दीड इंच. त्यामुळे अशा स्कॅनवरून ७ बाय ५ इंचांचा फोटो उत्तम निघेल, त्यापुढे तो धूसर पडू लागेल. १२० आकाराची चौकट बरीच मोठी असल्याने तिला हाच स्कॅनर पुरेसा ठरतो. ऑप्टिकफिल्ममध्ये केवळ ३५ मिलिमीटरची फिल्म बसते, पण त्याचा खरा तपशील ३२०० डीपीआयच्या घरात जातो आणि १५ बाय १० इंचांपर्यंतचा फोटो समाधानकारक छापता येतो.

तरीही ८१०० घेऊ नये, त्याच मालिकेतील ८२००आय घ्यावा, असे आम्ही सुचवतो. दोहोंतील महत्त्वाचा फरक अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या सोयीचा आहे; ती ८२००आयमध्ये आहे, ८१०० मध्ये नाही, आणि तुमच्यासाठी तोच निर्णायक आहे. रंगीत निगेटिव्हमधील प्रतिमा रंगद्रव्यांची बनलेली असते; ही रंगद्रव्ये अवरक्त किरणांना जवळजवळ पूर्णपणे आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे मात्र त्यांना अडवतात. त्यामुळे दोष नेमका कोठे आहे याचा स्वतंत्र नकाशा स्कॅनरला मिळतो आणि सॉफ्टवेअर तेवढीच जागा आजूबाजूच्या रंगांनी भरून काढते. ही सोय व्ही६०० मध्येही आहे. स्कॅनला वेळ अधिक लागतो हे खरे, परंतु दीड हजार चौकटींवरचे ठिपके माउसने एकेक करून पुसत बसण्यापेक्षा ते परवडते. पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर ही सोय बंद ठेवावी, कारण तिच्यातील चांदीच हे किरण अडवते आणि सॉफ्टवेअर प्रतिमेलाच दोष समजते.

बुरशीबाबत फार आशा बाळगू नये. वरवरचे डाग झाकले जातील. जिथे बुरशीने प्रतिमा धरून ठेवणारा जिलेटिनचा थर खाल्ला आहे तिथला तपशील कोणताही स्कॅनर परत आणू शकत नाही. अशा पट्ट्या पाण्याने मुळीच पुसू नयेत, कारण बुरशी लागलेले जिलेटिन पाण्यात विरघळू शकते. कोकणातल्या पावसाळ्याचा विचार करता, ज्यांवर ठिपके आहेत त्या पट्ट्या वेगळ्या काढून आधी स्कॅन कराव्यात आणि उरलेल्या सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

जाहिरातीतील ‘डी-मॅक्स’ (स्कॅनर किती गडद भागातला तपशील टिपतो) या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही; त्याचा खरा उपयोग स्लाइडच्या गडद भागांसाठी असतो, निगेटिव्ह तितकी दाट नसते. निगेटिव्हची नारिंगी छटा हाही दोष नव्हे. रंगद्रव्यांतील अशुद्धतेची भरपाई करण्यासाठी ती उत्पादकानेच ठेवलेली असते. सॉफ्टवेअरमध्ये फिल्मचा प्रकार ‘निगेटिव्ह’ निवडला की ती वजा होते. मूळ प्रत १६ बिटच्या टिफ (रंगछटांचा पूर्ण तपशील राखणारी मोठी फाइल) स्वरूपात ठेवावी. मात्र पूर्ण ७२०० डीपीआयवर केलेली अशी एकेक फाइल ४०० मेगाबाइटच्या वर जाते, म्हणून ३६०० पुरे.

१२० चे दोन-तीन रोल एखाद्या चांगल्या लॅबकडून स्कॅन करून घ्यावेत. तेवढ्यासाठी दुसरे यंत्र घेण्याची गरज नाही.