बडोदा स्टेशनला सायकल ठेवून रोज आणंदला लोकलने जायचं तर चोरीपासून कशी जपावी?

दांडिया बाजारातून मी स्टेशनला सायकलनेच जातो, त्यामुळे हा प्रश्न अगदी घरचा.

पहिलं म्हणजे ते वायरचं कुलूप घरच्या फाटकाला लावा. साधी पक्कड असली की काम तमाम. यू-लॉक, म्हणजे U आकाराचं जाड लोखंडी कुलूप घ्या, आणि ते फ्रेम, मागचं चाक आणि जमिनीत पक्का रोवलेला खांब या तिघांतून एकदम ओवा. नुसतं पुढचं चाक बांधलं तर संध्याकाळी हातात पुढचं चाकच उरतं! चाकाला किंवा सीटला क्विक रिलीजचा खटका (हातानेच सैल होणारा) असेल तर तो काढून साधा नट बसवून घ्या. माझी सीट अशीच गेली होती, दांडिया बाजारापर्यंत उभ्याने पायडल मारत आलो.

पावतीवालं पार्किंग असेल तर तिथेच ठेवा. मात्र पावती सायकलच्या पिशवीत ठेवू नका, खिशात असू द्या.

आजच करायचं काम म्हणजे सायकल उलटी करून दोन्ही पायडल जोडणाऱ्या आसाखाली बहुधा कोरलेल्या फ्रेम नंबरचा फोटो काढणं. बिलही जपा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये ५००० रुपयांच्या आतली पहिलीच चोरी असेल, तर माल परत केल्यावर चोराला समाजसेवेची शिक्षा आहे, आणि असा गुन्हा अदखलपात्र धरतात, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणजे सायकल किती किमतीची हे कागदावर दाखवता आलं पाहिजे.

आणि खरं सांगू? स्टेशनसाठी जुनी, रंग उडालेली सायकल ठेवा. गिअरवाली रविवारी कमाटीबागेत फिरवा.