घरच्या सर्व्हरवर कुबरनेटीस: बाहेरचं ट्रॅफिक आत घ्यायला नोडपोर्ट, मेटलएलबी की इनग्रेस?

तुमचा प्रश्न वाचता वाचता माझे पोहे गार झाले. तीन यंत्रांवर कुबरनेटीस (अनेक यंत्रांवर मिळून ॲप चालवणारी प्रणाली) उभं केलंय, लोडबॅलन्सर प्रकारची सर्व्हिस (ॲपला बाहेरचा पत्ता मागणारी नोंद) बनवली की बाहेरच्या पत्त्याच्या रकान्यात 'पेंडिंग' येतं आणि तिथेच बसून राहतं. तर आता नोडपोर्ट (प्रत्येक यंत्रावर उघडलेला एक पोर्ट) वापरू, मेटलएलबी टाकू की इनग्रेस (वेबच्या विनंत्या योग्य ॲपकडे वळवणारं दार), आणि इनग्रेस घ्यायचं तर ते चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे कंट्रोलर, इंजिनएक्स बरा की ट्रेफिक (Traefik), असं तुम्ही विचारलंय.

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात बिनमहत्त्वाचा आहे, आणि लोक चर्चा नेमकी त्याचीच करतात. कंट्रोलर कुठलाही घ्या. आधी दोन गोष्टी ठरवा: पॅकेट तुमच्या दारापर्यंत आणतं कोण, आणि दारात येईपर्यंत त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता शिल्लक राहतो का. दुसऱ्या गोष्टीपायी माझे पाच महिने गेले आणि सख्ख्या भावाशी वाजलं, म्हणून हे लिहितेय.

'पेंडिंग' का दिसतं ते आधी सांगून टाकते. कुबरनेटीसकडे स्वतःचा लोड बॅलन्सर नाहीच. ते नुसती मागणी नोंदवतं. क्लाउडवर ती पुरी करणारा कोणीतरी बसलेला असतो, तुमच्या खोलीत नसतो. मेटलएलबी ती जागा घेतं. तुम्ही त्याला पाच-दहा रिकामे आयपी देता, त्यातला एक ते सर्व्हिसला लावतं, आणि लेयर टू पद्धतीत तुमच्या यंत्रांपैकी, म्हणजे नोडांपैकी, एक नोड एआरपीला ('हा पत्ता कोणाचा?' या नेटवर्कवरच्या हाकेला) उत्तर देतो की हा पत्ता माझा. एकच नोड, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. ते आयपी राउटरच्या डीएचसीपीच्या वाटपातून वगळायला विसरू नका, नाहीतर एक दिवस कोणाचा तरी मोबाईल तो पत्ता घेऊन बसेल. नोडपोर्ट मिळतो ३०००० ते ३२७६७ मधला; तो तपासणीपुरता ठीक. शाळा-क्लासच्या पालकांना पत्त्यापुढे विसर्ग देऊन ३१४८२ लिहायला सांगून पाहा एकदा.

आता माझं. मी इंदूरला भंवरकुआजवळच्या एका कोचिंग क्लासचे सर्व्हर सांभाळते. स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणारा क्लास. दर रविवारी सकाळी १० ला ऑनलाइन सराव परीक्षा, तेव्हा साधारण १८०० मुलं. क्लासच्या मागच्या खोलीत दोन जुनी यंत्रं, एक इन्व्हर्टर, एक स्थिर आयपी. मेटलएलबी लेयर टूमध्ये, त्याच्या मागे इंजिनएक्स इनग्रेसचे दोन पॉड (चालू प्रती). २०२२ मध्ये हे उभं केलं तेव्हा शहाणपणा म्हणून मी इनग्रेसवर एक ओळ टाकली होती: एका पत्त्यावरून सेकंदाला १० विनंत्या, त्यापेक्षा जास्त आल्या तर परत पाठवा. कुठल्याशा उदाहरणातून उचललेली ओळ. वाचून छान वाटली होती.

ऑक्टोबरातला रविवार. दहा वाजून दोन मिनिटांनी क्लासच्या सरांचा फोन. "मैडम, बच्चों के फोन पे फोन आ रहे हैं, स्क्रीन पे पाँच सौ तीन लिखा आ रहा है।" लॅपटॉप उघडला. दोन्ही यंत्रं निवांत. सीपीयू दहा टक्क्यांच्या वर नाही, मेमरी अर्धी रिकामी, डेटाबेसला काम नाही. आणि मुलांना मात्र ५०३, म्हणजे 'सेवा उपलब्ध नाही'. पाच वेळा पान ताजं केलं की एकदा उघडायचं.

दादा पुण्याला असतो, क्लाउडमधलाच आहे, मोठ्या पगारावर. घाबरून त्याला फोन केला ही माझी चूक. त्याने आकडे न बघता निदान केलं: "लोड झेपत नाहीये. यंत्र वाढव, नाहीतर सरळ क्लाउडवर जा. इंदूरला तुम्ही लोक अजून जुगाडच करत बसलाय." मी म्हटलं, दादा, सीपीयू झोपलाय. तो म्हणाला, "मग मेमरी असेल." मेमरीही रिकामी आहे म्हटलं, तर म्हणाला, "तू वाद घालू नकोस, मी रोज हेच करतो."

सरांनी अर्थातच पुण्याचं ऐकलं. जेल रोडवरून तिसरं यंत्र आलं. मी ते क्लस्टरला (यंत्रांच्या गटाला) जोडलं आणि इंजिनएक्सचा तिसरा पॉड त्यावर टाकला. पुढच्या रविवारी तक्रारी बऱ्याच कमी. संपल्या नाहीत, पण कमी झाल्या. दादाचा दोन शब्दांचा मेसेज आला: "बघ, म्हटलं होतं."

तो मेसेज मी फेब्रुवारीपर्यंत गिळून होते.

फेब्रुवारीत कोण्या पोराने लॉगिनच्या पानावर स्क्रिप्ट लावली; दुसऱ्या मुलांचे पासवर्ड ओळखायचा उद्योग. त्याचा पत्ता बंद करू म्हणून मी इंजिनएक्सचा लॉग उघडला. पहिला रकाना पाठवणाऱ्याच्या आयपीचा. सगळ्या ओळींत एकच पत्ता, आणि तोही बाहेरचा नव्हे, आमच्याच क्लस्टरच्या आतला. मी तो बंद केला असता तर त्या पोरासकट अख्खं शहर बाहेर राहिलं असतं.

सर्व्हिसला एक्सटर्नल ट्रॅफिक पॉलिसी नावाचा रकाना असतो, आणि आपण काही लिहिलं नाही तर तो 'क्लस्टर' असतो. म्हणजे पॅकेट कुठल्याही नोडवर येवो, क्यूब-प्रॉक्सी (प्रत्येक नोडवरचा, पॅकेट वळवणारा कुबरनेटीसचा भाग) ते कुठल्याही नोडवरच्या पॉडकडे धाडू शकतं. उत्तर त्याच वाटेने परत यावं म्हणून ते पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून तिथे नोडचा पत्ता घालतं. लिफाफ्यावरचं 'प्रेषक' खोडून पोस्टमनने स्वतःचं नाव लिहावं तसं. इंजिनएक्सच्या दृष्टीने १८०० मुलं म्हणजे एकच फार उतावीळ माणूस होता. आणि त्या माणसाला मी सेकंदाला १० विनंत्यांची मर्यादा घातली होती.

हिशेब करून बघा. मर्यादा प्रत्येक इंजिनएक्स आपापली मोजतो. दोन पॉड, म्हणजे अख्ख्या परीक्षेसाठी सेकंदाला २० विनंत्या, वर झटक्यासाठी थोडी सवलत. एक पान उघडायलाच पंधरा-वीस विनंत्या लागतात. तिसरा पॉड आल्यावर मर्यादा झाली ३०. म्हणून तक्रारी कमी झाल्या! यंत्राच्या ताकदीशी याचा काडीचा संबंध नव्हता. तिसरा पॉड मी जुन्याच यंत्रावर टाकला असता तरी तेवढाच फरक पडला असता, फुकटात. दादाचं औषध लागू पडलं होतं, पण रोग त्याने सांगितलेला नव्हता, आणि असं औषध लागू पडलं की खरा रोग शोधायला कोणी जात नाही. मीसुद्धा चार महिने गेले नाही.

दुरुस्ती एका शब्दाची: 'क्लस्टर'च्या जागी 'लोकल'. मग क्यूब-प्रॉक्सी पॅकेट दुसऱ्या नोडकडे ढकलत नाही, त्यामुळे पत्ता खोडायची गरज उरत नाही. पण यात एक मेख आहे. 'लोकल'मध्ये ज्या नोडवर इनग्रेसचा तयार पॉड आहे, फक्त तोच नोड मेटलएलबीतर्फे पत्ता सांगू शकतो. म्हणून कंट्रोलर डेमनसेट म्हणून चालवा, प्रत्येक नोडवर एक. हा बदल मी मार्चमध्ये रंगपंचमीला केला. त्या दिवशी सगळं गाव गेर बघायला राजवाड्यावर, क्लासला सुट्टी, फोन करणारं कोणी नाही. रंग लागलेल्या हातांनी कीबोर्ड वापरलाय, तीन कळा अजून गुलाबी आहेत.

पुढच्या रविवारी लॉगमध्ये खरे पत्ते. आणि हे मुद्दाम सांगते, कारण दादाला अजून पटलेलं नाही: लेयर टू आणि 'लोकल' मिळून सगळं ट्रॅफिक एकाच नोडवर, एकाच इंजिनएक्सवर येतं. बाकीचे दोन इंजिनएक्स नुसते बसून. आठ जीबीच्या जुन्या यंत्रावर एका इंजिनएक्सने १८०० मुलांची परीक्षा घेतली आणि सीपीयू वीस टक्क्यांनाही शिवला नाही. एकच नोड म्हटलं की लोक दचकतात. पान पुढे सरकवणं हे इंजिनएक्सला काम वाटतच नाही. दम लागतो तो ॲपला आणि डेटाबेसला, आणि ते तिन्ही नोडवर पसरलेले असतातच. येणारं ट्रॅफिकही खरंच वाटून हवं असेल तर मेटलएलबी बीजीपी (राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायची भाषा) पद्धतीत चालवावं लागतं, आणि त्यासाठी राउटर बीजीपी बोलणारा लागतो. घरी सहसा नसतो.

इथे गोष्ट संपली असती तर मी दादाला दिवाळीत फराळाच्या ताटावरच ऐकवलं असतं. पण त्याच रविवारी सव्वादहाला सरांचा परत फोन. सगळी मुलं ठीक, एकाच वसतिगृहातली साठ मुलं अडकलेली. एका वाय-फायवर साठ जण, बाहेर एकच पत्ता, आणि दारात माझी तीच १० ची मर्यादा. शिवाय मोबाईलवाली बरीच मुलंही अशीच: कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच आयपीव्ही-फोर पत्त्यामागे बसवतात. दादा हसला, आणि खूप वेळ हसला. त्याचं म्हणणं पहिल्यापासून होतं की पत्त्यावर मर्यादा लावणं आपल्याकडे मूर्खपणा आहे, काढून टाक. काढून मी टाकली नाही. लॉगिनची मर्यादा ॲपमध्ये रोल नंबरवर नेली, आणि दारात पत्त्यावरची खूप सैल ठेवली, निव्वळ धुडगूस अडवायला. पण तेवढ्यापुरता तो बरोबर होता, हे इथे लिहिते. घरी म्हणणार नाही.

आता तुमचं. मेटलएलबी लेयर टू, पॉलिसी 'लोकल', कंट्रोलर डेमनसेट, राउटरवरून ८० आणि ४४३ हे पोर्ट त्या आयपीकडे. मोफत प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं घेणार असाल आणि तपासणी एचटीटीपीची असेल तर ८० बंद करू नका, ती तिथूनच होते. मग एकदा चालू यंत्राची वायर उपटून बघा. दुसरा नोड काही सेकंदांत पत्ता उचलतो आणि तसं सगळ्यांना ओरडून सांगतो, पण आमचा जुना राउटर ते ऐकायचाच नाही, मेलेल्या यंत्राचा मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) धरून बसायचा. तो बदलावा लागला. हे परीक्षेच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

इंजिनएक्स की ट्रेफिक, याचं उत्तर आता आपोआप मिळालंय. समुदायाचा जो इनग्रेस-इंजिनएक्स आपण सगळे वापरायचो, तो बंद करण्याचं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं, आणि मार्च २०२६ नंतर त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्याही नाहीत. मार्च २०२५ मधली त्यातली सुरक्षेची ती भयंकर भोकं आठवत असतील तर नव्याने तो लावायचा विचारही करू नका. इंजिनएक्स कंपनीचा स्वतःचा कंट्रोलर वेगळा आहे, नावावरून घोटाळा होतो. मी ट्रेफिकवर गेले. नव्याने सुरू करताय तर गेटवे एपीआय (इनग्रेसच्या जागी आलेली नवी पद्धत) समजणारा कंट्रोलर घ्या. ते ऑक्टोबर २०२३ पासून स्थिर आहे आणि इनग्रेसमध्ये आता नवं काही येणार नाही. माझ्या जुन्या इनग्रेसच्या फायली अजून तशाच आहेत, तेव्हा मी कोणाला शिकवू नये.

राहिलेल्या दोन गोष्टी खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. के-थ्री-एस (कुबरनेटीसची हलकी आवृत्ती) वापरत असाल तर त्यात स्वतःचा छोटा सर्व्हिस-एलबी येतो, मेटलएलबी टाकताना तो बंद करा, नाहीतर दोघे एकाच सर्व्हिसवर भांडतात. आणि हे सगळं तेव्हाच, जेव्हा तुमच्या राउटरला बाहेरून दिसणारा पत्ता आहे. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्यापैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही स्वतःच इंटरनेट कंपनीच्या नॅटमागे (अनेक ग्राहकांच्या सामाईक पत्त्यामागे) आहात आणि वरचं काहीच चालणार नाही. मग स्थिर आयपी मागा, किंवा बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन तिथून वायरगार्डचा बोगदा (सांकेतिक, सुरक्षित जोडणी) आणा. बोगद्यातही पाठवणाऱ्याचा पत्ता खोडला जाऊ शकतो, तिथे प्रॉक्सी प्रोटोकॉल (मूळ पत्ता सोबत पाठवणारी पद्धत) लावा.

तिसरं यंत्र तुमच्याकडे आधीच आहे, ते राहू द्या. एटसीडीला (क्लस्टरच्या सगळ्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसला) बहुमतासाठी तीन लागतात, त्यातलं एक गेलं तरी चालतं, दोनच असतील तर नाही. आमचं जेल रोडवालं यंत्रही मी शेवटी याच कामाला लावलं. दादाला अजून कळलेलं नाही.