वजनकाटा आतल्या खोलीत ठेव

प्रिय मुली,

तुझ्या आहार-सल्ल्याच्या दवाखान्याची पाटी लागली, पेशंट यायला लागले, बरं वाटलं. पाठवलेला फोटोही पाहिला. दारातून आत आलं की समोरच वजनकाटा आणि वर बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा, रंगीत तक्ता. तो काटा आधी आतल्या खोलीत ने.

माझ्याकडे बायका यायच्या त्या चपला काढता काढताच सांगायच्या, "मॅडम, सकाळपासून काही खाल्लं नाही, आताच वजन करा." मी करायचे. आकडा सांगायचा, चार्ट द्यायचा. दुसऱ्या खेपेला निम्म्या बायका यायच्याच नाहीत. यांना चिकाटी नाही, असं मी पाच-सहा वर्षं खुशाल म्हणत होते. त्या शरमेने येत नव्हत्या.

बीएमआयचं सूत्र १८३० च्या दशकात क्वेटलेट नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने मांडलं, तेही 'सरासरी माणूस' शोधताना. त्याला बीएमआय हे नाव १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी दिलं. याच कीज यांचा १९४४-४५ चा मिनेसोटातला प्रयोग तुला ठाऊक असायला हवा. ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवलं. त्यांना दिवसरात्र खाण्याशिवाय काही सुचेना. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागला, कुणी ताट चाटू लागला. पुढे पोटभर मिळायला लागलं तरी कित्येकांचं समाधान होईना. ते पुरुष होते, म्हणून त्याला उपासमारीचा परिणाम म्हणायचं. आपल्याकडच्या बाईचं असं झालं की तिचा तोंडावर ताबा नाही!

म्हणून कुणी सांगितलं, "रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभी राहून डब्यातल्या शंकरपाळ्या संपवते," तर शंकरपाळ्यांवर बोलू नकोस. दिवसभरात काय खाल्लं ते विचार. दोन चहा, अर्धी पोळी, काकडी असंच काहीतरी निघेल. मग विचार, घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, आणि तेव्हा भाजी उरलेली असते का? अंगाने भरलेली दिसते म्हणून पोसलेली आहे असं धरू नकोस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

उपासाची थट्टा करू नकोस. फक्त विचार, कोणता उपास देवाचा आणि कोणता वजनाचा. संकष्टी, गुरुवार, मग शनिवार, असे वार वाढत चालले असतील तर कान टवकार.

सुरुवातीचे काही आठवडे एवढंच मागायचं: ठरल्या वेळी, ताट वाढून, बसून जेवण. वरण-भात-तूप ताटात परत येऊ दे. मग जिची भीती वाटते ती पुरणपोळी भरदुपारी, चारचौघांत, पोटात भूक असताना. "काल पाप केलं" म्हणाली तर विचार, कुणाचं काय चोरलंस? बहुतेक जणी हसतात. एक रडली होती.

जेवण उलटून काढणारी, खाणं तोडून पाळी थांबलेली, चक्कर येऊन पडणारी कुणी आली तर एकटीने सांभाळायला जाऊ नकोस. त्याच आठवड्यात डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघांकडे पाठव. सततच्या उलट्यांनी पोटॅशियम घसरतं, हृदयाचे ठोके बिघडतात. आणि मधुमेहाची, थायरॉइडची औषधं तुझ्या सांगण्यावरून कुणी बंद करता कामा नये.

हळदीकुंकवात "तब्येत सुधारली हं!" हे ऐकावं लागणारच. त्यावर माझ्याकडे झणझणीत उत्तर नाही. लग्नातल्या ब्लाउजमध्ये मावायचंय म्हणणाऱ्या बाईला मात्र मी शिंप्याकडे धाडते. शिलाईत माया ठेवलेली असते, ती उसवून घ्यायलाच.

आणि मागच्या महिन्यात तू आलीस तेव्हा तीन वाजले होते आणि तुझा डबा पिशवीत तसाच होता. दीड वाजता दार लावून घेत जा. पेशंट थांबतात.

तुझी,
मॅडम