एका पेटीत ऑस्कर, अरोवाना आणि मरळ

प्रश्न : ताई, माझ्याकडे माशांचा तीन फुटी टँक आहे. त्यात दोन ऑस्कर आणि वीतभर लांबीचा सिल्व्हर अरोवाना. पावसाळ्यात मेव्हण्यानं मलप्रभेतून मरळीचं पिल्लू धरून आणलं, तेही त्यातच सोडलं. रोज जिवंत गोल्डफिश टाकतो, गल्लीतली पोरं बघायला जमतात. आता अरोवाना कोपऱ्यात वरच उभा असतो, खात नाही. एका ऑस्करच्या डोक्यावर बारीक खड्डे पडलेत. दुकानदार म्हणतो, खाणं वाढवा. काय करू, सांगा की ओ. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : खाणं वाढवू नका. उलट गोल्डफिश टाकणं आजपासूनच बंद करा. शिकारी मासा म्हणजे त्याला जिवंत मासाच लागतो, ही समजूत मला फार खटकते, कारण तिच्यापायी चांगले मासे मरताना मी बघते. गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज असतं. ते ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि रोज तेच खाणाऱ्या माशाला पुढं झटके येतात, तोल जातो. शिवाय खाद्य म्हणून विकले जाणारे गोल्डफिश दाटीवाटीत ठेवलेले असतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि अंगाला चिकटणारे परजीवी त्यांच्यासोबत तुमच्या पेटीत येतात.

ऑस्करला दोन-तीन दिवस उपाशी ठेवा आणि मग माशांच्या तयार खाद्याचे दाणे टाका. धडधाकट ऑस्करला तेवढ्यानं काही होत नाही. पहिल्यांदा तोंडात घेऊन थुंकेल, थुंकू दे. उरलेलं दहा मिनिटांत जाळीनं काढायचं. दाण्यांच्या जोडीला गांडुळं द्या, खानापुरात पावसाळ्यात त्यांना तोटा नाही, फक्त खत-औषध न मारलेल्या जागेतली घ्या. गोव्याहून, कारवारहून मासळी येते त्यातली सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलून, उकळून, तुकडे करून द्या. उकळल्यानं थायमिनेज मरतं, नुसतं बर्फात ठेवून मरत नाही. खारवलेली सुकी मासळी नको, कोंबडीचा खिमाही नको. कोंबडीची चरबी माशाला पचत नाही, यकृतावर साठते.

आता डोक्यावरचे खड्डे. ऑस्करमध्ये हा आजार नेहमीचा आहे. निकस खाणं आणि घाण पाणी असलं की तो बळावतो. तुमची पेटी तीन बाय एक बाय दीड फूट असेल तर पाणी जेमतेम 127 लिटर. पूर्ण वाढलेला ऑस्कर फूटभर होतो आणि त्या एकट्यालाच चार फुटी, 280 लिटरच्या आसपासची पेटी लागते. तुम्ही त्यात चौघांना कोंबलंय. आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदला. नळाचं असेल तर उघड्या बादलीत दिवसभर ठेवून, विहिरीचं असेल तर एअर पंपानं खळबळवून, आणि पेटीतल्या पाण्याइतकंच कोमट करून घाला. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. मैला पचवणारे जिवाणू त्यातच राहतात. महिन्याभरात खड्डे भरायला लागले नाहीत तर पशुवैद्यांना दाखवा. मनानं औषध टाकू नका.

अरोवाना खात नाही, कारण तो घाबरलाय. त्याचं तोंड वर वळलेलं, डोळे वर लागलेले. ॲमेझॉनच्या पुरात तो पाण्याबाहेर झेप घेऊन फांदीवरचे किडे टिपतो. तरंगणारं खाणं हे त्याचं, आणि ते ऑस्कर त्याच्या आधी गिळतात, वर मिशा कुरतडतात. शिवाय एक फूट रुंदीत तो पुढं वळूच शकणार नाही, वाढला की अडीच-तीन फूट होतो. ज्याच्याकडे खरोखर मोठं टाकं आहे त्याला तो द्या. तोवर त्याला वेगळ्या पेटीत ठेवून झाकणावर वजन ठेवा, नाहीतर सकाळी फरशीवर सापडेल. नाकतोडे द्यायचे तर फवारणी झालेल्या भातातले, उसातले नकोत.

मरळीला अंगणात सिमेंटची टाकी करा. ती वर येऊन हवा घेते, म्हणून पाणी काठोकाठ भरायचं नाही आणि वर जाळी पक्की बांधायची. ऑस्करसोबत ठेवाल तर ज्याचं तोंड मोठं तो दुसऱ्याला गिळेल.

प्रश्न : थंडीत हीटर लागतोच का? (निपाणी)

उत्तर : लागतो. ऑस्करला 24 ते 27 अंश पाणी हवं, आणि आपल्याकडे डिसेंबरात रात्री पारा चांगलाच उतरतो. लिटरला एक वॅट हा हिशेब धरा. ऑस्कर हीटरला धडका देऊन काच फोडतात, म्हणून जाळीचं कव्हर घ्या. पाणी बदलण्याआधी बटण बंद. पावसाळ्यात वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवा.

प्रश्न : मासे फार मोठे झाले. हिडकलच्या धरणात सोडले तर जगतील ना? (बेळगाव)

उत्तर : जगतील, म्हणूनच सोडायचे नाहीत. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार हा अमेरिकेतला शिकारी मासा सापडला होता. घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय या नद्यांत आपले मासे आहेत, त्यांच्या पिल्लांना ऑस्करचं तोंड ओळखीचं नाही. पेटीतले रोगही पाण्यातून जातात. मरळ नदीतलीच असली तरी परदेशी माशांसोबत राहिल्यावर तिलाही परत सोडू नका. ज्या दुकानातून मासे घेतले तिथं आधी विचारा, पुष्कळदा परत घेतात. नाही घेतले तर तुमचं गाव, माशाची लांबी आणि तो काय खातो, एवढं लिहून मला कळवा. मोठ्या पेट्या असलेले वाचक बेळगावात, शहापुरात आहेत, मी त्यांच्यापाशी विचारून बघते.