पायांचे प्रश्न : इनसोल घेण्याआधी बूट तपासा

प्रश्न : वय ४७, सिडकोतल्या शाळेत शिक्षिका आहे. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना उजव्या टाचेत खिळा रुतल्यासारखं होतं. चहा होईपर्यंत बरं वाटतं, पण शेवटच्या तासाला पुन्हा ठणका लागतो. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं. सिलिकॉनची गादी वापरून तीन आठवडे झाले, फरक नाही. पायाचं माप देऊन इनसोल (बुटात पायाखाली घालायचे सुटे तळ) बनवून घ्यावेत का?

इतक्यात नको. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायात एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. तुमची लक्षणं त्याच्या दुखण्याशी जुळतात. झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्याच पावलाला तो एकदम ताणला जातो. वाढलेल्या हाडाची धास्ती घेऊ नका. असं टोक टाच अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांच्या एक्स-रेतही दिसतं.

सिलिकॉनची गादी फक्त धक्का मऊ करते. पट्ट्यावरचा ताण कमी व्हायला कमानीलाही, म्हणजे तळव्याच्या आतल्या बाजूच्या उचललेल्या भागालाही, आधार लागतो. तयार मिळणारे पूर्ण लांबीचे इनसोल आणि माप देऊन बनवलेले इनसोल यांची या दुखण्यासाठी तुलना झाली आहे. बहुतेकांना दोन्हींचा फायदा सारखाच होतो. म्हणून आधी तयार जोड घ्या. दुकानात इनसोलच्या कमानीवर अंगठा दाबून पाहा. कमान सहज सपाट झाली तर तो तुमच्या वजनाखाली टिकणार नाही. टाचेची वाटी खोल हवी. उभं राहिल्यावर उंचवटा टाचेच्या पुढे, पायाच्या आतल्या बाजूला लागायला हवा. तो चवड्याखाली टोचत असेल तर माप चुकलं आहे.

पण पाच तास शाळेत इनसोल आणि उरलेला दिवस घरच्या फरशीवर अनवाणी, असं केलंत तर गुण येणार नाही. कमानीला आधार असलेली एक जोडी पलंगाशीच ठेवा आणि न्हाणीघरापर्यंतही तीच घालून जा. शाळेतल्या सपाट, पातळ चपलांना सध्या सुट्टी द्या.

पाय जमिनीवर टेकवण्याआधीचा व्यायाम सगळ्यात महत्त्वाचा. उजवं पाऊल डाव्या गुडघ्यावर घ्या, बोटं हाताने नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपा, पट्टा दोरीसारखा ताठ लागला पाहिजे. दहा आकडे धरा, दहा वेळा करा, दिवसातून तीनदा. शिवाय भिंतीला हात टेकवून, उजवा पाय मागे ठेवून पोटरी ताणा : गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद, मग किंचित वाकवून ३० सेकंद, दोन्ही तीन-तीन वेळा. मागची टाच जमिनीवरून उचलली की ताण जातो, ती टेकलेलीच ठेवा.

सहा ते आठ आठवड्यांत फरक जाणवू लागावा. पूर्ण बरं व्हायला मात्र कित्येक महिने लागू शकतात. स्टिरॉइडची इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घेण्याची घाई करू नका. पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची नैसर्गिक गादी झिजण्याचा धोका असतो. झोपेतही दुखत असेल, मुंग्या येत असतील किंवा टाच सुजली असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.

प्रश्न : वय २९. गोल्फ क्लब मैदानावर आठवड्याला साधारण ३० किलोमीटर धावतो. ऑनलाइन कमानीचे इनसोल मागवून बुटात घातले. आता टाच बुटातून वर येते, तिसऱ्या किलोमीटरनंतर बोटं बधिर होतात, अंगठ्याचं नखही काळं पडलं. इनसोल वाईट आहेत का?

बहुधा तुम्ही ते बुटाच्या मूळ सोलवरच ठेवले आहेत. धावण्याच्या बऱ्याच बुटांतला आतला पातळ सोल निघतो. आधी तो काढायचा आणि नवा त्याच्या जागी बसवायचा. दोन थर झाले की पाय वर उचलला जातो, टाच मागच्या कडेच्या पकडीतून सुटते आणि चवडा वरच्या कापडाला दाबला जातो. टाच सुटते म्हणून आपण लेस आणखी आवळतो आणि बोटं बधिर होतात. तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी यातच आल्या. जुना सोल फेकू नका. नवा इनसोल लांब असेल तर जुना त्यावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारा आणि फक्त पुढून, थोडा थोडा कापा. टाचेकडून कधीच कापू नका, वाटी आणि कमान दोन्ही जागेवरून सरकतात.

काळं नख हा तिसरा प्रश्न आणि तो बुटाच्या लांबीचा आहे. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, धावायचे मोजे घालून आणि इनसोल सोबत घेऊन दुकानात जा. दोन्ही पाय उभं राहून मोजा. जो मोठा त्याचंच माप घ्या. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे एक ते सव्वा सेंटिमीटर जागा हवी. काहींचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा तिथून मोजा. आपल्याकडच्या यूके मापात एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर; तेवढ्यानेही नख वाचतं. पण रुंदी कमी पडत असताना नंबर वाढवू नका, टाच सैल होईल; रुंद साच्याचा बूट मागा.

हातात घेऊन बूट वाकवा. तो चवड्याच्या जागी वाकावा, मधोमध दुमडला तर ठेवून द्या. टाचेची मागची कड चिमटीत सहज चेपली जायला नको.

टाच तरीही हलत असेल तर लेस बदला. सर्वांत वरचं भोक सहसा रिकामंच राहतं. दोन्ही बाजूंना लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटा फास ठेवा, मग समोरची लेस त्या फासातून ओवून खाली ओढा. घोट्याशी पकड येते आणि चवड्यावरची लेस सैल ठेवता येते.

दुकानात ओल्या पावलाचा ठसा पाहून ‘तुमचा पाय सपाट, तुम्हाला हाच बूट’ असं सांगतात. अमेरिकी सैन्यातल्या नवभरतींना तळव्याच्या आकारावरून बूट देऊन पाहिले, पण दुखापती कमी झाल्या नाहीत. चार-पाच जोड्या घालून दुकानात धावून पाहा, जो सगळ्यात आरामदायक वाटेल तो घ्या.

नवा इनसोल पहिल्या दिवशी फक्त तासभर, चालण्यासाठी. रोज तासभर वाढवा आणि दोन आठवड्यांनी त्यावर धावा. नाहीतर पोटरी नि गुडघे कुरकुरतात. बुटांचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर, म्हणजे तुमच्या हिशेबाने चार ते सहा महिने. वरून नवे दिसले तरी तळातला मऊ फोम दबलेला असतो.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची, तळवे अगदी सपाट. इनसोल घालू का?

नको. या वयात कमान चरबीखाली झाकलेली असते. तिला चवड्यांवर उभी करा. कमान दिसली आणि काही दुखत नसेल, तर तिला खेळू द्या. कमान दिसली नाही, पाऊल कडक वाटलं किंवा ती दुखतं म्हणाली, तर दाखवा.

प्रश्न : वडील ६३ वर्षांचे, १४ वर्षं मधुमेह. तळव्यांना मुंग्या येतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरी अनवाणी करायची म्हणतात. निदान इनसोल घालून स्पोर्ट्स शूजमध्ये जाऊ द्यावं का?

अनवाणी मुळीच नाही. त्यांची श्रद्धा मोलाची आहे, पण ज्या पायाला खडा टोचल्याचं कळत नाही त्याची जखम दोन दिवसांनी, चिघळल्यावरच दिसते. आधी डॉक्टरांकडून १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (तळव्याला टेकवायच्या बारीक नायलॉनच्या धाग्याने) संवेदना आणि पायातल्या नाड्या तपासून घ्या. संवेदना गेलेली असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल, तर बूट घालूनही फेरीला जायचं का, हे डॉक्टरच ठरवतील.

धावपटूंचा कडक कमानीचा इनसोल त्यांना देऊ नका. कडेने घासून फोड येतो. मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचं रबर) किंवा ईव्हीए (हलका फोम) यांचा, पायाच्या आकाराचा सोल आणि तो मावेल इतके खोल बूट लागतात. ते महिनाभर आधी घ्या. पहिल्या दिवशी तासभर घालून काढा आणि तळवे पाहा : लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर बूट परत करा.

डॉक्टर हो म्हणाले तर त्या दिवशी तीन जोडी फिकट रंगाचे मोजे द्या. फिकट कापडावर रक्त लगेच दिसतं आणि श्रावणातल्या चिखलात मोजे भिजणारच. ओले झाले की पाय पुसून, बोटांच्या बेचक्याही कोरड्या करून बदलायचे. बूट घालण्याआधी दरवेळी आत हात फिरवायचा. देवळात बूट काढावे लागतील तेवढ्यापुरते जाड मोजे असू द्या आणि दर दोन तासांनी तळवे तुम्ही स्वतः पाहा, कारण त्यांना दुखलं नाही याचा अर्थ जखम नाही असा होत नाही. फोड दिसला तर तो फोडू नका, चालणं तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.